गणवेश सोलापुरी, भाषा परदेशी

सोलापुरात माध्यमिक शाळेतल्या मुलामुलींचे कपडे बदलले की पूर्व भागातल्या शिवणयंत्रांवरचं काम बदलतं. त्यामुळे इथे शाळकरी फॅशन हा फक्त तरुणाईच्या हौसेचा विषय राहत नाही. सध्या त्याच मुलांना जर्मन, जपानी, कोरियनची ओढ लागली आहे. कपडा आणि भाषा या दोन्ही धाग्यांचा इतिहास शोधत गेलं, तर तो मागावाल्यांच्या पेठांतच जाऊन पोहोचतो.

१८६० च्या सुमारास सोलापूरला रेल्वे आली आणि १८७७ मध्ये शहरातली पहिली कापडगिरणी सुरू झाली. तीच पुढे जुनी मिल म्हणून ओळखली गेली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. कानडी बोलणारी घरं इथे पूर्वापार होतीच. दुष्काळाने गावं सोडलेले मराठी मजूर आले, दखनी बोलणारे मोमीन विणकर होते. परिणामी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार माध्यमांच्या शाळा या एका शहरात उभ्या राहिल्या. पूर्व भागातलं पोर घरात तेलुगू बोलतं, गल्लीत दखनी हिंदी, वर्गात मराठी, आणि मंगळवार पेठेत खरेदीला गेलं तर कानडीही समजून घेतं. हे कुणी शिकवलेलं नसतं.

शाळेत मात्र या भाषांना प्रतिष्ठा नव्हती. प्रतिष्ठा इंग्रजीची होती. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या सरकारने मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून ठेवली. नंतर ती पाचवीपासून आली, आणि २००० सालच्या जूनमध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून. तोवर पालकांनी इंग्रजी माध्यमाची वाट धरलीच होती, आणि माध्यमाबरोबर कपडाही बदलला. खाकी अर्धी चड्डी, पांढरा सदरा, कुठे गांधी टोपी. मुलींना आधी परकर-पोलकं, मग निळा स्कर्ट, दोन वेण्या आणि लाल रिबिनी, वरच्या वर्गांत पंजाबी ड्रेस आणि ओढणी, असा मराठी शाळेचा थाट होता. इंग्रजी माध्यमाने टाय, पट्टा, चौकड्यांचा स्कर्ट, हाऊसच्या रंगाचे टी-शर्ट आणि ट्रॅक पँट आणली. मूल कुठल्या माध्यमात शिकतं हे रस्त्यावरून चालतानाच कळू लागलं. श्रीमंत-गरीब झाकण्यासाठी आणलेल्या गणवेशाने भाषेची उतरंड उघडी पाडली, याची मला फार खंत वाटते.

गणवेशाच्या आतही पोरांनी फॅशन सोडली नाही. टेरीकॉट आलं, बेलबॉटमचा जमाना आला तेव्हा शाळेच्या पँटचा घोळही रुंदावला. पुढे बॅगी आली, मग ओळखीच्या टेलरकडे जाऊन पँट नॅरो करून घेण्याची लाट आली. आता उलट ढगळ शर्टाची आवड दिसते, आणि ती बरीचशी कोरियन मालिका व के-पॉपमधून आली आहे. इथे कपडा आणि भाषा पुन्हा एकत्र येतात: आधी केसांचा कट, मग शर्ट, मग मोबाइलवर कोरियन मुळाक्षरं. मोठ्यांना हे खूळ वाटतं. पण गोडीतून सुरू झालेली भाषा टिकण्याची शक्यता जास्त असते, असं माझं ठाम मत आहे.

गणवेशाचा धंदा वाढला त्यामागे दुःखाचीही बाजू आहे. जुनी मिल १९६३ मध्ये बंद पडली. नंतरच्या काळात इतर मोठ्या गिरण्याही एकेक करून थांबल्या. कामगार यंत्रमागाकडे वळले, टॉवेल-चादरीकडे वळले, बायका विड्यांकडे आणि शिलाईकडे. त्या शिलाईतून तयार गणवेशाचा व्यवसाय मोठा झाला. २०१७ मध्ये सोलापुरात गणवेश उत्पादकांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि इतर राज्यांतले खरेदीदार इथे येऊ लागले. २०२४ मध्ये राज्य सरकारने सरकारी शाळांसाठी ‘एक राज्य, एक गणवेश’ आणला. कपडे मुलांपर्यंत वेळेत पोहोचले नाहीत, तेव्हा गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आला.

परभाषा शिकण्याचा सोलापूरचा सर्वांत मोठा दाखला डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा आहे. १९१० मध्ये इथे जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. युद्धाच्या धामधुमीत ते चिनी शिकले, त्या भाषेत रुग्णांशी बोलले, विद्यार्थ्यांना शिकवू लागले. गुओ छिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच वारले. २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात माध्यमिक स्तरावर शिकता येण्याजोग्या परदेशी भाषांच्या उदाहरणांत चिनी होती. २०२० च्या अंतिम धोरणातून ती गळली. कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन एवढी नावं राहिली. कोटणिसांच्या गावाला ही गोष्ट लागायला हवी होती.

प्रत्यक्षात मात्र शाळेत दहावीपर्यंत निवड बहुधा फुल संस्कृत की हिंदी-संस्कृत संयुक्त एवढीच असते, आणि ती गुणांच्या हिशेबाने होते. परदेशी भाषेसाठी सोलापूरची मुलं पुण्याकडे पाहतात, नाहीतर ऑनलाइन क्लास लावतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सुरुवातीला दहा हजार तरुण पाठवण्याचं बोलणं झालं, आणि जर्मन शिकवण्याची व्यवस्था शालेय शिक्षण विभागाकडे आली. नर्सिंग किंवा आयटीआय करणाऱ्या मुलांसाठी ही भाषा आता थेट नोकरीशी जोडली गेली आहे.

जर्मनमध्ये क्रियापद वाक्याच्या शेवटी गेलं की वर्गातली मुलं बिचकतात. पण तेलुगू, कानडी, मराठी या तिन्ही भाषांत क्रियापद शेवटीच येतं. जपानी आणि कोरियनमध्येही तसंच आहे. शिकवणाऱ्याने इंग्रजीच्या आधाराने समजावण्याऐवजी मुलांच्या घरच्या भाषांतून सुरुवात केली, तर पूर्व भागातल्या मुलीला त्या वर्गात इतरांपेक्षा अर्धी वाट कमी चालावी लागेल.