जुन्या लेगो माणसाचं वय कसं ओळखावं?

लेगोच्या खेळण्यातलं जुनं छोटं माणूस हाती आलं की आमच्या दुकानात ग्राहकांचा पहिला प्रश्न असतो, हे कधीचं? अंगावरच्या खुणांवरून ते बऱ्यापैकी सांगता येतं.

डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या लेगो कंपनीनं एकमेकींत बसणाऱ्या, आजच्या रचनेच्या प्लास्टिकच्या विटेचं पेटंट १९५८ साली घेतलं, पण त्या विटांच्या घरांत राहायला बरीच वर्षं कोणीच नव्हतं. १९७४ मध्ये गोल डोक्यांचं कुटुंब आलं. त्यांना चेहरे होते, हात वळत. मात्र धड विटांनीच रचावं लागे आणि घरागाड्यांच्या मानानं ती फारच मोठी होती. पुढच्याच वर्षी लहान माणसं आली, तर त्यांचे हातपाय हलत नव्हते आणि चेहरा कोरा.

हे सगळं जुळून आलं १९७८ मध्ये. लेगोचे डिझायनर येन्स न्यूगोर क्नुडसेन यांच्या मिनिफिगरचे, म्हणजे आजच्या छोट्या लेगो माणसाचे, हात फिरत, पाय वळत, मुठीत तलवार बसे. उंची टोपीशिवाय चार विटांएवढी, म्हणजे साधारण चार सेंटिमीटर. पिवळा चेहरा, दोन ठिपक्यांचे डोळे आणि हसू, एवढंच. तो रागावलाय की घाबरलाय, हे खेळणाऱ्या मुलानं ठरवायचं. आमच्या मते या खेळण्याचं सगळं मोठेपण त्या साधेपणात आहे. पोलीस असो, सरदार असो वा अंतराळवीर, चेहरा तोच. १९८९ मध्ये समुद्री चाचे आले तेव्हा कुठे डोळ्यावरची पट्टी, आकडा लावलेला हात आणि लाकडी पाय दिसू लागले.

सुटी, बंद पाकिटातली संग्राह्य मालिका २०१० ची. पहिल्या मालिकेत १६ माणसं होती आणि आत कोण आहे हे पाकीट फोडल्यावरच कळे.

आता खुणा. सुरुवातीच्या काही पोलिसांच्या छातीवर छपाई नाही, स्टिकर असतो. तो भिजवू नका. जुन्या डोक्यावरची, टोपी बसते ती गुंडी भरीव असते, नंतरच्या डोक्यांवर ती पोकळ दिसते. पहिल्या अंतराळवीरांच्या हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी इतकी बारीक आहे की ती हमखास तुटते. छातीवरचं सोनेरी चिन्हही घासून पुसट होतं, म्हणून तिथे कापड चालवू नका. बाकी भाग कोमट पाण्यानं धुवा. पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको. पांढरा रंग उन्हानं पिवळट पडतो, तेव्हा कपाट खिडकीपासून दूर असावं. हात उपसून अदलाबदल करू नका, काखेजवळ धडाला चीर जाते.

हेल्मेट तुटलेलं असलं तरी जपून ठेवा. आम्ही नवं बसवून जुनं म्हणून विकत नाही. कोणता भाग बदलला आहे, ते पावतीवर लिहून देतो.