ॲटनबरो, रिचर्ड

ॲटनबरो, रिचर्ड : (२९ ऑगस्ट १९२३ – २४ ऑगस्ट २०१४). ब्रिटिश चित्रपट-अभिनेते, दिग्दर्शक व निर्माते. भारतात त्यांची ओळख मुख्यतः 'गांधी' (१९८२) या चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून आहे. नंतरच्या पिढीला ते 'जुरासिक पार्क'मधले पांढऱ्या दाढीचे आजोबा म्हणून आठवतात. निसर्गपटांतून ज्यांचा आवाज घरोघरी पोहोचला ते डेव्हिड ॲटनबरो हे त्यांचे धाकटे भाऊ. आपल्याकडे या दोघांची गल्लत अजूनही होते, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

जन्म केंब्रिजचा. वडील फ्रेडरिक ॲटनबरो हे विद्वान प्राध्यापक. १९३२ मध्ये ते लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि तिन्ही मुलांचे बालपण कॉलेजच्या आवारातच गेले. १९३९ मध्ये नाझी जर्मनीतून आलेल्या दोन ज्यू बहिणींना ॲटनबरो कुटुंबाने आसरा दिला. त्यांना पुढे अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे जायचे होते. युद्ध सुरू झाले, वाट बंद झाली आणि त्या सात वर्षे याच घरात राहिल्या. घरातल्या या दोन वाढीव ताटांचा आपल्यावर किती परिणाम झाला, हे रिचर्ड आयुष्यभर सांगत राहिले. पुढे त्यांनी चित्रपटांसाठी कोणते विषय निवडले, हे पाहिले की त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. अभ्यासात मात्र ते यथातथाच होते. शिष्यवृत्ती मिळाली ती लंडनच्या 'राडा' या नाट्यशिक्षण संस्थेची.

पहिला चित्रपट १९४२ चा 'इन विच वुई सर्व्ह'. त्यात ऐन लढाईत घाबरून जागा सोडणाऱ्या खलाशाची छोटी भूमिका त्यांना मिळाली. श्रेयनामावलीत त्यांचे नावही नव्हते, पण तो भेदरलेला चेहरा निर्मात्यांच्या लक्षात राहिला. इतका राहिला, की पुढची काही वर्षे भित्रे, दुबळे किंवा कोवळ्या वयातच बिघडलेले तरुण त्यांच्याच वाट्याला आले. युद्धकाळात ते हवाई दलात दाखल झाले. तिथून त्यांची बदली दलाच्या चित्रपट विभागात झाली आणि बॉम्बफेकी विमानांच्या शेपटाकडे बसून त्यांनी मोहिमांचे चित्रीकरण केले. त्यासाठीच्या प्रशिक्षणात कानाला झालेली इजा कायमची राहिली. २२ जानेवारी १९४५ रोजी अभिनेत्री शीला सिम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो सुमारे सत्तर वर्षे टिकला.

'ब्रायटन रॉक'मधील पिंकी ब्राउन या भूमिकेने त्यांचे नाव झाले. १९४३ मध्ये रंगभूमीवर आणि १९४७ मध्ये पडद्यावर त्यांनी ती साकारली. पिंकी हा समुद्रकाठच्या सहलीच्या गावातला कोवळा गुंड. देवाच्या शिक्षेला भिणारा आणि तरीही थंडपणे खून करणारा. ॲटनबरोंचा गोल, बालिश चेहरा इथे भीतिदायक ठरला. त्याच चेहऱ्यामुळे पुढच्याच वर्षी 'द गिनी पिग'मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांना शाळकरी मुलाची भूमिका करावी लागली. ब्रिटिश चित्रपटसृष्टीला त्यांचे काय करावे हे तेव्हा उमगले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

२५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनच्या ॲम्बेसेडर्स थिएटरात ॲगाथा ख्रिस्ती यांचे 'द माउसट्रॅप' हे नाटक सुरू झाले. ॲटनबरो त्यात पोलीस अधिकारी ट्रॉटरच्या भूमिकेत होते, शीला सिमही होत्या. दोघांनी मिळून नाटकाच्या नफ्यात दहा टक्के हिस्सा घेतला. नाटक फार तर काही महिने चालेल, असा तेव्हाचा अंदाज. ते सत्तर वर्षांहून अधिक काळ चालले आहे आणि मध्ये थांबले ते २०२० च्या महामारीपुरतेच. या हिश्शाचे पुढे काय झाले ते 'गांधी'च्या हकिकतीत येईल.

१९५० च्या दशकात ठरावीक सैनिकी आणि विनोदी भूमिकांचा कंटाळा येऊन त्यांनी लेखक-दिग्दर्शक ब्रायन फोर्ब्स यांच्यासह १९५९ मध्ये 'बीव्हर फिल्म्स' ही निर्मितीसंस्था काढली. पहिला चित्रपट 'द अँग्री सायलेन्स' (१९६०). कारखान्यातल्या अनधिकृत संपात सामील न होणाऱ्या कामगाराशी सगळे सहकारी बोलणे बंद करतात, म्हणजे त्याला वाळीतच टाकतात, त्याची ही कथा. पैसे नव्हते, म्हणून प्रमुख मंडळींनी मानधन आधी न घेता नफ्यातल्या वाट्यावर काम केले. त्यानंतर 'व्हिसल डाउन द विंड' (१९६१), 'द एल-शेप्ड रूम' (१९६२) आणि 'सेआन्स ऑन अ वेट आफ्टरनून' (१९६४) आले. या शेवटच्या चित्रपटात त्यांनी मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या बाईचा दबलेला नवरा केला. बायकोच्या हट्टापायी तो एका लहान मुलीला पळवून आणतो. या भूमिकेसाठी आणि त्याच वर्षीच्या 'गन्स ॲट बटासी'तल्या करड्या सार्जंट मेजरसाठी मिळून त्यांना सर्वोत्कृष्ट ब्रिटिश अभिनेत्याचा बाफ्टा, म्हणजे ब्रिटिश चित्रपट अकादमीचा पुरस्कार मिळाला. दोन भूमिका एकमेकींच्या अगदी विरुद्ध टोकाच्या.

'द ग्रेट एस्केप' (१९६३) मधल्या युद्धकैद्यांच्या म्होरक्याने त्यांना अमेरिकेत नेले. 'द सँड पेबल्स' (१९६६) आणि 'डॉक्टर डूलिटल' (१९६७) या चित्रपटांसाठी साहाय्यक अभिनेत्याचा गोल्डन ग्लोब लागोपाठ दोनदा मिळाला. तरी अभिनेता म्हणून त्यांची कमाल पाहायची तर 'टेन रिलिंग्टन प्लेस' (१९७१) हाच चित्रपट काढावा. लंडनमधला खुनी जॉन ख्रिस्ती याची ही खरी हकिकत. त्याच इमारतीत भाड्याने राहणारा टिमोथी इव्हान्स नाहक फासावर गेला १९५० मध्ये, ख्रिस्ती स्वतः फासावर गेला १९५३ मध्ये आणि इव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली १९६६ मध्ये. ॲटनबरोंनी ख्रिस्तीला राक्षस केले नाही. टक्कल, चष्मा, कानाशी कुजबुजल्यासारखा आवाज, चहाची किटली हातात. शेजारधर्म पाळणारा सज्जन गृहस्थच तो. अंगावर काटा येतो तो त्यामुळे. चित्रीकरणाचा काही भाग प्रत्यक्ष त्याच गल्लीत, ती पाडली जाण्यापूर्वी झाला. देहान्त शिक्षेच्या विरोधात बोलणारा चित्रपट म्हणूनच आपण तो स्वीकारला, असे ॲटनबरो सांगत.

दिग्दर्शनाकडे ते वळले ते चाळिशी उलटल्यावर, 'ओ! व्हॉट अ लव्हली वॉर' (१९६९) या संगीतिकेने. पहिल्या महायुद्धातली गाणी आणि मृतांचे आकडे शेजारीशेजारी ठेवणारे हे मूळ नाटक जोन लिटलवुड यांच्या नाट्यसंस्थेचे. ॲटनबरोंनी ते ब्रायटनच्या समुद्रातल्या धक्क्यावर, जणू जत्रेच्या मैदानात आणून मांडले. शेवटी कॅमेरा वर वर जातो आणि हिरव्या टेकडीवर पांढऱ्या क्रूसांचा सडा पसरत राहतो. पुढे 'यंग विन्स्टन' (१९७२) आणि दुसऱ्या महायुद्धातल्या आर्नहेमच्या फसलेल्या मोहिमेवरचा 'अ ब्रिज टू फार' (१९७७) आला. हजारो माणसे आणि डझनभर बडे तारे एका चौकटीत हाताळण्याची तालीम त्यांना इथे मिळाली.

दरम्यान एक काम वीस वर्षे रेंगाळत होते. १९६२ मध्ये लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयात काम करणारे मोतीलाल कोठारी यांनी त्यांना फोन केला आणि गांधीजींवर चित्रपट करण्याची गळ घातली. लुई फिशर यांनी लिहिलेले गांधीचरित्र वाचा, एवढीच सुरुवातीची अट. ॲटनबरोंनी तोवर एकही चित्रपट दिग्दर्शित केला नव्हता. पुस्तक वाचून ते झपाटले. माउंटबॅटन यांच्या ओळखीने १९६३ मध्ये ते पंडित नेहरूंना भेटले. गांधीजींना देव करू नका, अशी नेहरूंची सूचना होती. १९६४ मध्ये नेहरू गेले, पुढे कोठारीही गेले. पटकथालेखक बदलत गेले आणि अखेर जॉन ब्राइली यांची पटकथा नक्की झाली. आणीबाणीने काही काळ दारे बंदच केली. हॉलिवूडला धोतर नेसलेल्या म्हाताऱ्यात रस नव्हता. या काळात ॲटनबरोंनी घर गहाण टाकले, संग्रहातली चित्रे विकली आणि 'माउसट्रॅप'मधला हिस्साही विकून टाकला. शेवटी ब्रिटनच्या गोल्डक्रेस्ट कंपनीने पैसा उभा केला आणि सुमारे एक तृतीयांश खर्च भारताच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने उचलला. परक्या दिग्दर्शकाला सरकारी पैसा का, यावरून आपल्याकडे बरेच वादंग झाले.

चित्रीकरण २६ नोव्हेंबर १९८० ला सुरू होऊन मे १९८१ मध्ये संपले. अंत्ययात्रेचे दृश्य ३१ जानेवारी १९८१ रोजी, प्रत्यक्ष अंत्ययात्रेच्या तेहतिसाव्या स्मृतिदिनी, दिल्लीच्या राजपथावर घेतले गेले. सुमारे ३ लाख लोक जमले होते. संगणकाने गर्दी रंगवण्याचे दिवस यायचे होते. पडद्यावरची ती माणसे खरी आहेत आणि तेवढ्याने त्या दृश्याला जे वजन आले, ते आजही उतरलेले नाही.

मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने या चित्रपटात ओळखीचे चेहरे पुष्कळ. गांधीजींना आधी देश पाहून या असे सांगणारे गोपाळ कृष्ण गोखले डॉ. श्रीराम लागू यांनी रंगवले. कस्तुरबांच्या भूमिकेसाठी स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे यांचाही विचार झाला होता. निवड झाली ती पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी यांची. तेव्हा त्या तिशीच्या आतल्या होत्या. तरुणपणापासून आगाखान पॅलेसमधल्या मृत्यूपर्यंतचे सगळे वय त्यांना रंगवायचे होते. त्यासाठी त्या सूत कातायला शिकल्या. त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचा बाफ्टा मिळाला. आगाखान पॅलेसमधली दृश्ये पुण्यात त्याच वास्तूत चित्रित झाली. तिथल्या डॉक्टरच्या छोट्या भूमिकेत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे माजी विद्यार्थी टॉम ऑल्टर दिसतात. दुसऱ्या युनिटची धुरा गोविंद निहलानी यांच्याकडे होती. गांधींच्या भूमिकेतले बेन किंग्जली हे वडिलांकडून गुजराती, मूळ नाव कृष्ण भानजी. त्यांचे नाव सुचवले ते ॲटनबरोंचे पुत्र मायकल यांनी.

११ एप्रिल १९८३ रोजी 'गांधी'ला आठ ऑस्कर मिळाले. त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता आणि पटकथा हे सन्मान होते. वेशभूषेचा ऑस्कर जॉन मोलो यांच्या बरोबरीने कोल्हापूरच्या भानू अथैया यांना मिळाला. ऑस्कर जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पुतळा सुरक्षित राहावा म्हणून २०१२ मध्ये त्यांनी तो अकादमीकडे परत दिला. १९८३ च्या त्या स्पर्धेत स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ई.टी.' होता आणि तोच जिंकायला हवा होता असे ॲटनबरो स्वतः म्हणत. भारत सरकारने त्यांना १९८३ मध्ये पद्मभूषण दिले.

'गांधी'वरचे आक्षेपही खरे आहेत. तीन तासांहून मोठ्या या चित्रपटात डॉ. आंबेडकर नाहीत. गोलमेज परिषदेनंतर कथा पुढे सरकते, पण येरवड्याचे उपोषण आणि पुणे करार मात्र वगळले जातात. महाराष्ट्रात बसून पाहणाऱ्याला ही पोकळी फार मोठी वाटते. ती बाजू पडद्यावर यायला जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटाची वाट पाहावी लागली. जिना एकरंगी उतरले, हाही जुना आक्षेप. नेहरूंची सूचना ॲटनबरोंनी निम्मीच पाळली, असे म्हणावेसे वाटते. त्यांच्या दिग्दर्शनातली मोठी माणसे आदराच्या प्रकाशात न्हालेली असतात. उलट त्यांनी स्वतः रंगवलेल्या क्षुद्र माणसांच्या, म्हणजे पिंकीच्या किंवा ख्रिस्तीच्या, अंगाचा वास येतो. अभिनेता ॲटनबरो दिग्दर्शक ॲटनबरोंहून अधिक निर्दय होता आणि म्हणून अधिक चांगला, असे प्रस्तुत लेखकाचे मत.

भारताशी त्यांचा संबंध 'गांधी'पुरता नव्हता. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी' (१९७७) मध्ये त्यांनी अवधचे राज्य गिळू पाहणारा जनरल औट्रम केला आणि तो स्कॉटिश उच्चारांत बोलवला. करार कसा मोडायचा याची टोचणी असलेला, पण हुकूम पाळणारा हा अधिकारी पाहिला की गांधीपटातले अनेक साहेब कागदी वाटू लागतात. पुढे शेखर कपूर यांच्या 'एलिझाबेथ' (१९९८) मध्ये ते राणीचे वृद्ध सल्लागार सेसिल होते.

'क्राय फ्रीडम' (१९८७) हा दक्षिण आफ्रिकेतले कृष्णवर्णीय नेते स्टीव्ह बिको यांच्यावरचा. चित्रीकरण शेजारच्या झिंबाब्वेत करावे लागले आणि १९८८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तो लागला त्याच दिवशी पोलिसांनी प्रती जप्त केल्या. 'चॅप्लिन' (१९९२) मध्ये चॅप्लिनची कन्या जेराल्डिन यांनी स्वतःच्याच आजीची भूमिका केली. 'शॅडोलँड्स' (१९९३) हा लेखक सी. एस. लुईस यांच्या उतारवयातील प्रेमाचा आणि वियोगाचा चित्रपट. गर्दी नाही, रणांगण नाही. दोन माणसे आणि एक दुखणे. दिग्दर्शक म्हणून त्यांचे सर्वांत संयत काम हेच. कॅनडातले वन्यजीवरक्षक ग्रे आउल यांच्यावरचा 'ग्रे आउल' (१९९९) फारसा चालला नाही. त्यांचे व्याख्यान ॲटनबरो बंधूंनी १९३६ मध्ये लेस्टरला प्रत्यक्ष ऐकले होते. शेवटचा चित्रपट 'क्लोजिंग द रिंग' (२००७).

चौदा वर्षे पडद्याबाहेर राहिल्यावर स्पीलबर्ग यांनीच त्यांना 'जुरासिक पार्क' (१९९३) मध्ये परत आणले. डायनोसॉर पुन्हा जिवंत करणाऱ्या हॅमंडच्या पोरकट हट्टात त्यांनी बरीच माया मिसळली. पुढच्या वर्षी ते 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट'मध्ये नाताळबाबा झाले.

पडद्याबाहेर त्यांची पदांची यादी लांबलचक होती. चॅनल फोर, कॅपिटल रेडिओ, राडा, बाफ्टा, ससेक्स विद्यापीठाचे कुलपतिपद, शिवाय चेल्सी फुटबॉल क्लब. १९७६ मध्ये 'सर' हा किताब मिळाला आणि १९९३ मध्ये ते मजूर पक्षाकडून लॉर्डांच्या सभागृहात गेले. भेटेल त्याला 'डार्लिंग' म्हणण्याची आणि चारचौघांत डोळे पुसण्याची त्यांची सवय इंग्लंडमध्ये चेष्टेचा विषय होती. त्यांनी ती बदलली नाही.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत थायलंडला गेलेली त्यांची मोठी मुलगी जेन, तिच्या सासूबाई आणि १५ वर्षांची नात लुसी यांचा मृत्यू झाला. २००८ मध्ये पक्षाघात आणि पडणे यामुळे त्यांची हालचाल मंदावली. रिचमंडमधले अनेक वर्षांचे घर विकून ते कलावंतांच्या डेनव्हिल हॉल या वृद्धाश्रमात गेले. शीला सिम तिथे आधीच होत्या. एक्याण्णवाव्या वाढदिवसाला पाच दिवस उरले असताना त्यांचे निधन झाले. रक्षा रिचमंडच्या सेंट मेरी मॅग्डलिन चर्चमध्ये, जेन आणि लुसी यांच्या शेजारी ठेवली आहे.