स्क्रीन दुकानातली आणि ओसरीवरची

दुकानात कुठलाही लॅपटॉप देखणाच दिसतो. एसी चालू असतो, ऊन काचेबाहेर असतं आणि स्क्रीनवर काळ्या पार्श्वभूमीवर पिसारा फुलवलेला मोर असतो. तोच लॅपटॉप मे महिन्यात परभणीतल्या एखाद्या घराच्या ओसरीवर उघडला की आधी आपला शर्ट दिसतो, मग अंगणापलीकडची चुन्याची भिंत, आणि त्या दोन्हींच्या आड कुठेतरी एक्सेलची शीट.

दोन हलके लॅपटॉप समोर ठेवून हे का होतं ते पाहू. पहिला ॲपलचा एम२ चिपचा मॅकबुक एअर (२०२२) : १३.६ इंची एलसीडी, १.२४ किलो, ११.३ मिलीमीटर जाड. दुसरा आसुसचा झेनबुक एस १३ ओलेड, मॉडेल यूएक्स५३०४ (२०२३) : १३.३ इंची ओलेड, १ किलो, १०.९ मिलीमीटर. एलसीडी आणि ओलेड हे स्क्रीनचे दोन प्रकार, त्यांची रचना पुढे येते. वजनात पावशेराचा फरक. लातूरला क्लासच्या वह्या-पुस्तकांसोबत तो रोज पाठीवर वाहणाऱ्याला हा पावशेर संध्याकाळपर्यंत जाणवतो. लॅपटॉप टेबलावरच राहणार असेल तर त्याचा विचारही करू नये.

स्क्रीनची उजळता निटमध्ये मोजतात. एअरची कमाल उजळता ५०० निट. झेनबुकच्या जाहिरातीत ५५० आहे, पण तो आकडा एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणाऱ्या) व्हिडिओतल्या लहानशा झगमगत्या भागापुरता. नेहमीच्या पांढऱ्या पानाला साधारण ४०० निट मिळतात. एक निट म्हणजे चौरस मीटरमागे एक कँडेला (प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक). हे सगळे आकडे अंधाऱ्या खोलीत मोजलेले असतात. आता ओसरीचा हिशेब करू.

पृष्ठभागावर पडणारा प्रकाश लक्समध्ये मोजतात. भर उन्हात जमिनीवर सुमारे १ लाख लक्स प्रकाश पडतो, उजळ सावलीत १० हजार, ट्यूबलाइटच्या खोलीत ३००. पांढरी भिंत त्यातला साधारण ७० टक्के परत फेकते. लक्सला ०.७ ने गुणून ३.१४ ने भागलं की भिंतीची स्वतःची उजळता निटमध्ये मिळते : उन्हातली भिंत २२ हजार निट, सावलीतली २,२००, खोलीतली ६७. साधी काच समोरून येणाऱ्या प्रकाशातला ४ टक्के आरशासारखा परत पाठवते. म्हणजे स्क्रीनवर उन्हातल्या भिंतीचं ८९० निटचं प्रतिबिंब बसतं, सावलीतल्या भिंतीचं ९० निटचं, आणि खोलीत जेमतेम ३ निटचं. हे प्रतिबिंब पांढऱ्यावरही चढतं आणि काळ्यावरही.

त्यामुळे खोलीत एअरवर पांढरं आणि काळं यांचं गुणोत्तर, म्हणजे कॉन्ट्रास्ट, १५० च्या पुढे जातं, झेनबुकवर १५० च्या आसपास राहतं, दोन्ही उत्तम. सावलीतली भिंत समोर आली की एअर ६.५ वर येतो, झेनबुक ५.४ वर. उन्हातली भिंत समोर आली तर अनुक्रमे १.६ आणि १.४, म्हणजे राखाडी कागदावर राखाडी शाई. ओलेडचा काळा म्हणजे पूर्ण काळा आणि त्याचं कॉन्ट्रास्ट अमर्याद, हे खरंच आहे, पण दिवे विझवल्यावर. खोलीत ट्यूबलाइट लागली की त्या अमर्यादाचे दीडशे होतात. काचेवर परावर्तन कमी करणारा लेप असेल तर प्रतिबिंब निम्म्यावर येतं, तरी गणिताचा कल बदलत नाही.

शंभर निटच्या फरकासाठी दहा-पंधरा हजार जास्त मोजण्याआधी खुर्ची फिरवून पाहा. अंगणाकडे तोंड करून बसलं की स्क्रीनचं तोंड घराकडे वळतं आणि तिच्यात तुमच्या पाठीमागची अंधारी खोली दिसते. माळवदाच्या घरात तर हे फारच सोपं : आत दिवसाही मिणमिणता उजेड. फक्त अंगावर पांढरा सदरा नको, नाहीतर भिंतीचं काम तो करतो.

आता स्क्रीनच्या पोटात. एलसीडीत मागे एक पांढरा दिवा सतत जळत असतो आणि पुढचे द्रव स्फटिक त्याला वाट देतात किंवा अडवतात. काळं चित्र असो की पांढरं, दिवा तितकंच खातो. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, काळा पिक्सेल बंदच असतो. म्हणून डार्क मोडमध्ये ओलेड बॅटरी वाचवते, पण वर्ड आणि एक्सेलच्या पांढऱ्या पानावर तीच एलसीडीपेक्षा जास्त ओढते. झेनबुकची बॅटरी ६३ वॅट-तासांची, एअरची ५२.६ ची, त्या जादा दहा वॅट-तासांतला बराच भाग दिवसभर पांढऱ्या फॉर्मवर काम करणाऱ्याच्या हाती लागत नाही. लाइट गेल्यावर ओलेडवाल्याने पहिल्यांदा डार्क मोड लावावा.

ओलेडची दुसरी गोष्ट म्हणजे लुकलुक. उजळता कमी केली की पुष्कळ ओलेड स्क्रीन पिक्सेल मंद करण्याऐवजी ते झपाट्याने चालू-बंद करतात. या वर्गातल्या लॅपटॉपांत हा वेग बहुधा सेकंदाला २४० च्या आसपास असतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. दुकानातच तपासा : उजळता २० टक्क्यांवर आणा, पांढरं पान उघडा आणि स्क्रीनपुढे पेन्सिल भराभर हलवा. पेन्सिलीची एकच धूसर पट्टी दिसली तर ठीक. तुटक-तुटक अनेक पेन्सिली दिसल्या तर लुकलुक आहे.

तिसरी गोष्ट डागाची. ओलेडमधली सेंद्रिय द्रव्यं वापराने झिजतात, निळं सगळ्यांत आधी, आणि उष्णतेत झीज वाढते. खालची टास्कबार तास-तास एकाच जागी राहिली तर तिथले पिक्सेल वेगळ्या गतीने म्हातारे होतात आणि पुसट ठसा उरतो. टास्कबार आपोआप लपेल अशी ठेवावी, स्क्रीन पाच मिनिटांत बंद होऊ द्यावी, आसुसच्या ॲपमधली ओलेड जपण्याची सोय चालू ठेवावी. तलाठी कार्यालयासारख्या ठिकाणी, जिथे एकच फॉर्म आठ तास उघडा असतो, तिथे ओलेड घेऊच नये असं आमचं मत.

रंगाच्या बाबतीत मात्र ओलेड सरस, आणि नेमकी तिथेच फसगत होते. पैठणीचे फोटो ऑनलाइन टाकणाऱ्याने झेनबुक मूळ रंगमोडवरच ठेवला तर राणी रंग त्याला असतो त्याहून भडक दिसतो. मग तो हाताने रंग उतरवतो, आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर साडी फिकी दिसते. फोटो सुधारताना आसुसच्या ॲपमध्ये एसआरजीबी (बहुतेक स्क्रीन आणि वेबसाइट धरून चालतात ती ठरावीक रंगांची कक्षा) मोड निवडावा आणि फोटोही एसआरजीबीतच साठवावा. मॅकमध्ये रंगांचा हा ताळमेळ प्रणालीच सांभाळते, त्यामुळे तिथे चूक होण्याची शक्यता कमी.

बारकाव्याची चिंता दोन्हीकडे नको. एअरचे इंचाला २२४ पिक्सेल, झेनबुकचे २५५. अर्ध्या मीटरवरून सुदृढ डोळ्याला इंचाला १७५ च्या पुढचे ठिपके वेगळे करता येत नाहीत. रफार, अनुस्वार, ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतला फरक दोन्हींवर स्वच्छ दिसतो.

रचनेतला मोठा फरक एकच : झेनबुकला पंखा आहे, एअरला नाही. लॅपटॉपच्या अंगाची उष्णता हवेत किती वेगाने जाते हे दोघांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. धातूचं अंग ४५ अंशांवर आहे असं धरा. खोली २५ अंशांवर असेल तर फरक २० अंशांचा. नांदेडच्या मे महिन्यात खोली ४० वर गेली की फरक उरतो ५ अंशांचा. म्हणजे तेवढ्याच अंगातून उष्णता चौथा हिस्साच बाहेर जाते. मग पंखा नसलेली चिप स्वतःचा वेग कमी करते. व्हिडिओ रेंडर करायला (संपादन झाल्यावर अंतिम फाइल बनवायला) लावला तर हे लगेच कळतं. ॲपलने एअरसाठी वापराची मर्यादाच १० ते ३५ अंश दिली आहे. कूलर लावून खोली थंड करणं चांगलं, पण त्याचा झोत थेट लॅपटॉपवर नको. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे तुषार सुकले की स्क्रीनवर पांढरे ठिपके बसतात. ते पुसायला इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड पुरतं. काच पुसायचा निळा स्प्रे लेप खराब करतो.

पंख्याचीही किंमत मोजावी लागते. काळ्या मातीची पिठासारखी धूळ खालच्या जाळीतून आत जाते. गोधडीवर ठेवला तर जाळीच बंद होते. वर्षातून एकदा तळ उघडून ब्लोअर मारावा, मात्र पंख्याचं पातं काडीने अडवून धरावं. मोकळा पंखा वाऱ्याने गरगरला तर बेअरिंग जातं.

एअरचा चार्जर चुंबकाने चिकटतो. वायरीत कुणाचा पाय अडकला तर ती सुटते, लॅपटॉप पडत नाही. वाळूजच्या लेथवर काम करणाऱ्यांनी मात्र लक्ष ठेवावं : लोखंडाचा कीस त्या खाचेत जाऊन बसतो. चिकटपट्टीने काढावा, सुईने नव्हे. शाळेत प्रोजेक्टर लावायचा असेल तर झेनबुकला एचडीएमआय आणि जुन्या पेनड्राइव्हची खाच दोन्ही आहेत. एअरला ॲडॉप्टर विकत घ्यावा लागतो. रॅम दोन्हींत बोर्डावर झाळलेली, नंतर वाढत नाही. झेनबुकची एसएसडी (फाइली साठवण्याची जागा) तेवढी बदलता येते.

इतक्या पातळ यंत्रात मिटल्यावर कीबोर्ड आणि स्क्रीन यांच्यामध्ये जागा जवळपास नसतेच. कॅमेऱ्यावर झाकण लावायचं तर ते ०.१ मिलीमीटरहून जाड नको, असं ॲपलच सांगतं. तेवढी जाडी साध्या कागदाची असते. ज्वारीचा दाणा याच्या कितीतरी पट मोठा. मिटण्याआधी कीबोर्डवरून एकदा हात फिरवावा.

आणि चार्जिंगला लावल्यावर धातूच्या अंगाला हात लागला की झिणझिण्या येतात, त्याबद्दल. चार्जरमधल्या लहान कपॅसिटरांतून अगदी क्षीण प्रवाह अंगापर्यंत येतो. प्लग तीन पिनांचा असेल तर तो अर्थिंगमधून जमिनीत जातो. दोन पिनांचा असेल तर जायला वाट नसते. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की तीन पिना असूनही झिणझिण्या येतात आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर आपोआप थांबतात. तोवर थांबू नये. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावं आणि वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावं, कारण फ्रिज आणि मोटारही त्याच खड्ड्याच्या भरवशावर असतात.