किल्केनीत पहिला दिवस : एकट्याने निघालेल्या आमच्या प्रवाशांसाठी

आयर्लंडला एकट्याने जाणाऱ्यांना आम्ही पहिला मुक्काम डब्लिनला न ठेवता थेट किल्केनीला ठेवायला सुचवतो. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनातून रेल्वेने साधारण दीड तास लागतो. जुना भाग एवढा आटोपशीर आहे की रस्ता चुकलात तरी फार लांब चुकत नाही, आणि नवख्या देशात पहिल्या दिवशी हाच मोठा दिलासा असतो. ‘गाव’ हा शब्द तिथल्या माणसांसमोर मात्र नको. १६०९ साली राजा पहिला जेम्स याच्या सनदेने किल्केनीला शहराचा दर्जा मिळाला, आणि तिथले लोक तो आजही आग्रहाने सांगतात.

निघण्यापूर्वीचं एकच : आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. युरोपचा शेंगेन व्हिसा हातात असला तरी इथे तो चालत नाही. चलन मात्र युरोच आहे.

रात्रभराचा विमानप्रवास झालेला असतो. खोली बहुतेक ठिकाणी दुपारनंतरच मिळते, म्हणून आधी विचारून बॅग तिथे ठेवा आणि बाहेर पडा. झोपू नका. एकदा आडवे झालात की पुढचे तीन दिवस झोपेचं गणित बिघडतं.

कुठून सुरुवात करायची

स्टेशनाकडून येताना नोअर नदीवरचा पूल ओलांडताच डावीकडे किल्ला दिसतो आणि पाय तिकडेच वळतात. आमचं सांगणं आहे, तो संध्याकाळसाठी राखून ठेवा. आधी शहराच्या उत्तर टोकाला, सेंट कॅनिस कॅथेड्रलपाशी जा. कॅनिस म्हणजेच केनेक, त्या संताच्या नावावरूनच शहराचं आयरिश नाव आलं : किल खॅनी, कॅनिसचं देऊळ. तेराव्या शतकातल्या या कॅथेड्रलशेजारी त्याहून जुना, सुमारे ३० मीटर उंचीचा दगडी गोल मनोरा आहे. आयर्लंडमधल्या अशा फार थोड्या मनोऱ्यांवर आत जाऊन चढता येतं, त्यातला हा एक. पण आतल्या शिड्या उभ्या आणि अरुंद आहेत. न झोपलेल्या डोळ्यांनी आणि सोबत कुणी नसताना आज चढू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ताजेतवाने होऊन जा.

कॅथेड्रलच्या आत गेल्यावर खाली बघा. थडग्यांचा आणि फरशीचा काळा दगड पाहून सह्याद्रीची आठवण येते, पण हा आपला लाव्हाचा बेसॉल्ट नाही. तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाशी साचलेला हा चुनखडक आहे. घासून चकाकी आणलेल्या दगडात शिंपल्यांच्या आणि प्रवाळांच्या पांढऱ्या खुणा सापडतात. व्यापारी याला ‘किल्केनी मार्बल’ म्हणत आले, त्यावरून शहरालाही ‘मार्बल सिटी’ नाव पडलं. पाऊस पडून गेला की पायाखालचे जुने दगड असे काळेभोर होतात की भिजल्याचं वाईट वाटत नाही.

तिथून पायऱ्या उतरून दक्षिणेकडे किल्ल्याच्या दिशेने चालत राहा. वाटेत पार्लमेंट स्ट्रीटवर रोथ हाउस लागतं. जॉन रोथ या व्यापाऱ्याने १५९४ ते १६१० या काळात बांधलेली ही एकामागे एक तीन घरं, मध्ये चौक आणि मागे बाग. जुना वाडा पाहिलेल्या आपल्या माणसाला इथली रचना कुणी समजावून द्यावी लागत नाही. आजच्या दिवसासाठी कॅथेड्रल आणि रोथ हाउस ही दोनच तिकिटं काढा. बाकी सगळं बाहेरून.

पुढे हाय स्ट्रीटवरून खालच्या सेंट कीरन स्ट्रीटकडे उतरणारा बटर स्लिप हा अंधारा, पायऱ्यांचा बोळ आहे. पूर्वी इथे लोणी विकायला बसत. खाली उतरलात की डेम अ‍ॅलिस काइटलरच्या नावाची खानावळ दिसेल. १३२४ साली तिच्यावर चेटकीण म्हणून खटला चालला. ती पैसेवाली, ओळखीपाळखी असलेली, त्यामुळे पळून जाऊ शकली. तिची दासी पेट्रोनिला हिला मात्र जाळण्यात आलं. दुकानांत चेटकिणींची चित्रं विकायला असतात. तिथे क्षणभर पेट्रोनिलाचं नाव आठवावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

भाषेचीही एक गोष्ट याच शहरातली. १३६६ साली इथे भरलेल्या पार्लमेंटने कायदे केले : इथल्या इंग्रजांनी इंग्रजीच बोलावं, आयरिश लोकांशी लग्नं करू नयेत, त्यांचा हर्लिंग हा काठीचेंडूचा खेळही खेळू नये. गंमत म्हणजे इंग्रजी बोला असं सांगणारा तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये. आज रस्त्याच्या पाट्यांवर आयरिश नाव वर असतं, आणि हर्लिंगची अखिल आयर्लंड विजेतीपदं सर्वाधिक याच किल्केनीकडे आहेत. खिडक्यांतून लटकणारे काळे-पिवळसर झेंडे त्याच संघाचे.

संध्याकाळ

किल्ला बटलर घराण्याने १३९१ साली घेतला आणि १९६७ साली अवघ्या ५० पौंडांना शहराच्या हवाली केला. चारांपैकी तीनच बुरूज उरलेत, त्यामुळे एक बाजू उघडी आहे आणि पुढे मोठं हिरवं उद्यान पसरलंय. उद्यानात तिकीट नाही. बाकावर बसा, नदीकाठी फिरा. जून-जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्या उजेडावर जेवणाची वेळ ठरवू नका. स्वयंपाकघरं नऊच्या सुमारास बंद होऊ लागतात.

पबमध्ये एकट्याने, विशेषतः एकट्या बाईने जावं का, हे आम्हाला नेहमी विचारलं जातं. जावं. दारू घेतलीच पाहिजे असं काही नाही. चहा, सूप, ब्राउन ब्रेड मागवा आणि गाणं-वाजवणं सुरू असेल तर ऐकत बसा. शाकाहारी असाल तर सूप भाज्यांचं आहे एवढ्यावर थांबू नका, कोंबडीच्या पाण्यात केलंय का, हे स्पष्ट विचारा. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. अडचण आली तर ११२ किंवा ९९९ फिरवा. खोलीवर परतलात की आम्हाला एक मेसेज टाका. भारत उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास पुढे आहे, म्हणजे आमच्याकडे मध्यरात्र उलटलेली असेल, तरीही टाका.