आवक, काटा आणि रांग : कामगिरी आधीच ताडणाऱ्या सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी

कांद्याच्या हंगामात लासलगावला ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात, हे नाशिककरांना सांगायला नको. सर्व्हर, म्हणजे अनेकांच्या मागण्या पुरवणारा संगणक, किती लोड घेईल हे आधीच ताडणारी सॉफ्टवेअरही मुळात असल्याच रांगेचा हिशेब करतात. आवक किती, काट्यावर एकाला वेळ किती, आणि मागच्याने थांबायचे किती?

समजा, वजनाला सरासरी 3 मिनिटे लागतात आणि ट्रॅक्टर कसेही, केव्हाही येतात. काटा निम्मा वेळ रिकामा असेल, तर माणूस थांबण्यासकट 6 मिनिटांत मोकळा होतो. काटा 90 टक्के वेळ गुंतला, की 30 मिनिटे. 95 टक्के झाला, की पुरा एक तास. सर्व्हरचे अगदी असेच होते. ‘अजून 10 टक्के जागा आहे’ या भरवशावर राहिलेल्या टीमला हे आकडे आधी दाखवायला हवेत, असे मला मनापासून वाटते.

या हिशेबाला पाया दिला तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग या गणितज्ञाने. 1909 मध्ये त्याने कॉलची आवक कशी असते ते मांडले. किती लाइन ठेवल्या तर किती कॉल परत जातील, याची सूत्रे 1917 मध्ये दिली. पुढे 1961 मध्ये जॉन लिटल यांनी एक साधा नियम सिद्ध केला : आवक गुणिले प्रत्येकाचा आतला वेळ म्हणजे आत असलेली संख्या. तासाला 60 ट्रॅक्टर येत असतील आणि प्रत्येक जण 3 तास अडकत असेल, तर आवारात सरासरी 180 ट्रॅक्टर असणारच.

संगणकावर हे पहिल्यांदा ठसठशीतपणे लागू झाले ते अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची सोय तेव्हा नवी होती. 1965 मध्ये ॲलन शेर यांनी तिचे मॉडेल केले, तेही कारखान्यातल्या बिघडणाऱ्या यंत्रांच्या आणि एकट्या मेकॅनिकच्या जुन्या गणितावरून. कितीतरी बारकावे सोडूनही उत्तर मोजमापाशी जुळले.

खरी अडचण पुढे होती. प्रोसेसर, डिस्क अशी अनेक ठिकाणे आणि त्यांमधून फिरणारी अनेक कामे. 10 ठिकाणी 50 कामे विभागली जाण्याच्या शक्यता 1,250 कोटींहून जास्त होतात. त्या एकेक करून कोण बेरजेला घेणार? जेफ्री बुझेन यांनी 1973 मध्ये अशी रीत दिली, की तेच उत्तर पाचेकशे बेरजा-गुणाकारांत हाती येते. माझ्या मते या इतिहासातले खरे वळण हेच. तोवर हा विषय संशोधकांच्या वहीत होता. त्यानंतर तो विकत घेण्याजोगे सॉफ्टवेअर झाला. बुझेन यांनी दोन सहकाऱ्यांसह कंपनीच काढली, आणि त्यांचे ‘बेस्ट/1’ हे सॉफ्टवेअर मेनफ्रेमची, म्हणजे कंपन्यांच्या मोठ्या संगणकांची, क्षमता ठरवायला वापरले जाऊ लागले. 1980 मध्ये रायझर आणि लाव्हेनबर्ग यांनी सरासरींवरूनच उत्तर काढण्याची आणखी सोपी पद्धत आणली.

सिम्युलेशनची, म्हणजे सूत्राऐवजी संगणकावर रांगेची नक्कल चालवून पाहण्याची, वाट वेगळी. त्यासाठीचे आयबीएमचे जीपीएसएस हे सॉफ्टवेअर 1961 चे, ओस्लोची सिम्युला भाषाही त्याच दशकातली. सूत्रांच्याच वाटेने, पण यंत्रणा बंद पडण्याची शक्यताही धरून हिशेब करणारे ‘शार्प’ अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात किशोर त्रिवेदी यांच्या गटाने घडवले.

आज मिलानच्या पॉलिटेक्निकमधून आलेले ‘जेएमटी’ हे रांगांची मॉडेल करणारे सॉफ्टवेअर फुकट मिळते, चित्र काढून मॉडेल उभे करता येते. ‘जेमीटर’ला मात्र त्याच खणात टाकू नये. जेमीटर उभ्या सिस्टीमवर लोड टाकून पाहते. मॉडेल सिस्टीम उभी राहण्याआधी बोलते.

पण मॉडेलला खरी आवक द्यावी लागते. 2003 च्या सिंहस्थात रामकुंडाकडच्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन 39 जणांचा जीव गेला. 2015 च्या सिंहस्थात नाशिकच्याच तरुणांनी रस्त्यावर सेन्सरची चटई अंथरून जाणाऱ्यांची पावले मोजली. 2027 साठी कुठलेही मॉडेल करायला बसलो, तरी पहिला आकडा अशाच मोजणीतून यायला हवा.