सोसायटी की सर्व्हे? वनस्पतिशास्त्रातल्या दोन सारख्या वाटणाऱ्या नावांविषयी

पावसाळा लागला की कोकणातल्या कातळसड्यांवरून, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवरून, माझ्या फोनवर विद्यार्थ्यांचे फुलांचे फोटो यायला लागतात. सोबतचा प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, हे काही ओळखता येत नाहीये. बॉटनिकल सोसायटीला नमुना पाठवू का?" सोसायटीला नको, सर्व्हेला पाठव, असं मी सांगते. मग पुढचा प्रश्न येतो, की दोन्ही एकच ना?

एक नाहीत. पण गोंधळ होतो त्यात मुलांची चूक नाही. 'इंडियन बॉटनिकल सोसायटी' आणि 'बॉटनिकल सर्व्हे ऑफ इंडिया' ही नावं जुळ्या भावंडांसारखी आहेत आणि मराठीत आपण दोन्हींना सरसकट 'संस्था' म्हणतो.

सर्व्हे, म्हणजे पुण्यात सगळे ज्याला 'बीएसआय' म्हणतात ते, सरकारी खातं आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं, मुख्यालय कोलकात्याला. १३ फेब्रुवारी १८९० ही त्याची स्थापना, पहिले संचालक जॉर्ज किंग. कुठे काय उगवतं आणि त्यातलं उपयोगी काय, याची मोजदाद इंग्रज सरकारला हवी होती. स्वातंत्र्य मिळेपर्यंत खात्यात फारसा जीव उरला नव्हता. १९५४ मध्ये त्याची नव्याने घडी बसली. त्या कामासाठी पंडित नेहरूंनी वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना इंग्लंडहून बोलावून घेतलं होतं. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, पुण्याचं पश्चिम विभागीय केंद्र सुरू झालं. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवणारे आणि खंडाळ्याचा घाट पायाखाली घातलेले फादर सांतापाव पुढे या खात्याचे संचालक झाले. महाराष्ट्राच्या वनस्पतींचे जाडजूड खंड जे आज आम्ही रोज उघडतो, तेही याच खात्याचं काम.

या खात्याचा प्राण म्हणजे हर्बेरियम, वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. एम.एस्सी.ला असताना कोरेगाव रस्त्यावरच्या केंद्रात मी पहिल्यांदा गेले. लोखंडी कपाटं, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि जाड कागदावर दोऱ्याने टाचलेली एक वाळकी फांदी. उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी: नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा अनुक्रमांक. फुलाचा रंग केव्हाच उडून गेलेला, पण चिठ्ठीत लिहिलेला होता, म्हणून तो टिकला. त्या दिवशी त्या ठिकाणी हे झाड होतं, याचा तो पुरावा. उद्या तिथे खाण झाली, धरण झालं, तरी तो कागद साक्ष देईल. २००२च्या जैवविविधता कायद्याने तर हे बंधनच केलं आहे: कुणालाही नवी जात सापडली, तर तिचा नमुना सरकारने नेमलेल्या भांडारात जमा करायचा. वनस्पतींसाठी अशा भांडारांत बीएसआय आहे. सोसायटीवर अशी कुठलीही जबाबदारी नाही.

मग सोसायटी करते काय? ती वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गणी भरून उभी केलेली स्वतःची सभा आहे. १९२० साली स्थापन झाली. पहिले अध्यक्ष विनफिल्ड डजन, अलाहाबादच्या यूइंग ख्रिश्चन कॉलेजात शिकवणारे अमेरिकन प्राध्यापक. त्यांचेच विद्यार्थी पंचानन माहेश्वरी, ज्यांनी वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानात भारताचं नाव जगभर केलं. सोसायटीच्या आधीच, १९१९ मध्ये, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या फायसन यांनी भारतीय वनस्पतिशास्त्रासाठी एक नियतकालिक सुरू केलं होतं. पुढे ते सोसायटीकडे आलं. नियतकालिक, दरवर्षीची परिषद, वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांच्या नावाचं पदक, निवडून आलेलं कार्यकारी मंडळ. कागदावर एवढंच दिसतं. म्हणून मुलांना वाटतं, की यात विशेष काय?

विशेष काय ते मला एका परिषदेत कळलं. माझा पहिला शोधनिबंध, दहा मिनिटं, समोर घंटी घेऊन बसलेले अध्यक्ष. वाचून झाल्यावर पहिल्या रांगेतल्या एका वृद्ध प्राध्यापकांनी विचारलं, "किती फुलं मोजलीत?" मी म्हटलं, बारा. ते रागावले नाहीत. चहाच्या वेळी जवळ आले आणि कार्यक्रमपत्रिकेच्या मागे पेन्सिलीने आखून दाखवलं, की पुढच्या हंगामात किती झाडं, किती फुलं, दिवसाच्या कोणत्या वेळी. माझ्या विद्यापीठात त्या विषयावर बोलायला दुसरं माणूस नव्हतं. ती पत्रिका अजून माझ्याकडे आहे.

शिवनेरीची शिंदळ माकुडी घ्या, म्हणजे दोघांमधला फरक नीट दिसेल. जगात फक्त आपल्या सह्याद्रीत, मोजक्या गडांच्या कड्यांवर उगवणारी ही मांसल वनस्पती. १८६५ मध्ये डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला 'फ्रेरिया इंडिका' नाव दिलं, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून. ती कोणकोणत्या कड्यांवर आहे, किती उरली आहे, धोका किती, तिचे नमुने कुठल्या कपाटात आहेत, हे सगळं सर्व्हेचं काम. पण ती नक्की कोण? तिच्या गोतातल्या इतरांना पानं जवळजवळ नसतातच, हिला मात्र चांगली रुंद पानं. म्हणून कुणी तिला वेगळी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मानलं, कुणी कॅरालुमा या प्रजातीत घातलं, कुणी बुसेरोशियात, आणि अलीकडे डीएनएचा आधार घेऊन सेरोपेजियात, म्हणजे आपल्या कंदीलपुष्पांच्या घरात. हा वाद कुठल्याही खात्याचा आदेश काढून मिटत नाही. पुरावा छापायचा, तो दुसऱ्यांनी तपासायचा, परिषदेत उभं राहून खोडायचा, पुन्हा छापायचा. त्यासाठी कुणाच्याही हुकमाखाली नसलेली जागा लागते. सोसायटी ती जागा आहे. सर्व्हेतला शास्त्रज्ञही तिथे येतो तो साहेब म्हणून नाही, सभासद म्हणून.

पुण्यात तिसरं एक नाव या गोंधळात भर घालतं, ते आघारकर संशोधन संस्था. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर कोलकात्याला वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स उभी राहिली आणि तिची प्रयोगशाळा त्यांनी घडवली; तीच आजची आघारकर संस्था. म्हणजे आधी सभा, तिच्या पोटी प्रयोगशाळा. ती सर्व्हेही नाही आणि बॉटनिकल सोसायटीही नाही.

सोसायट्यांची मला काळजी वाटते, हेही इथेच सांगते. खात्याला अंदाजपत्रकातून पैसा येतो. सभेला फक्त माणसं असतात. कॉलेजातले शिक्षक गुणांकनासाठी परिषदेला येतात, प्रमाणपत्र घेतात आणि दुपारी निघून जातात. पेन्सिलीने आखून दाखवणारं कुणी चहापर्यंत थांबलंच नाही, तर बारा फुलं मोजणारी मुलगी बारावरच राहते.

यंदा रत्नागिरीकडून ज्या मुलीने फोटो पाठवला तिला मी सांगितलं: वनखात्याची जागा असेल तर आधी परवानगी घे. झाडं थोडीच असतील तर उपटू नकोस, एक फांदी पुरे. वर्तमानपत्रात दाब, रोज कागद बदल. दोन फुलं वेगळी स्पिरिटमध्ये ठेव, कारण वाळल्यावर आतली रचना कळत नाही. रंग आजच लिहून काढ. नमुना बीएसआयला. आणि फुलावर कोणते किडे येतात ते मोजत राहा. त्याचं टिपण झालं की सोसायटीच्या परिषदेला आपण दोघी जाऊ.

चिठ्ठीचा पहिला मसुदा तिने पाठवला. ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'आमच्या घरामागचा सडा'. मी म्हटलं, अक्षांश-रेखांश घाल, आणि हेही राहू दे.