कीटण वर दिसते, आजार हिरडीखाली असतो

कुत्र्याच्या तोंडाला वास येणारच, अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे. प्रत्यक्षात ही दुर्गंधी बहुतेक वेळा हिरड्यांच्या आजाराची खूण असते. दातांवर जिवाणूंचा चिकट थर साचतो आणि लाळेतील क्षारांमुळे दोन-तीन दिवसांतच तो टणक होऊ लागून त्याचे कीटण बनते. कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा अधिक अल्कधर्मी असल्याने त्याचे दात सहसा किडत नाहीत, मात्र कीटण झपाट्याने धरते.

हे पिवळे-तपकिरी कीटण डोळ्यांना खुपते खरे, पण नुकसान करतात ते हिरडीच्या कडेखाली शिरलेले जिवाणू आणि त्यांच्यामुळे होणारा दाह, जो दाताला जबड्यात धरून ठेवणारे तंतू व हाड हळूहळू नष्ट करतो. हिरडी नुसती लाल आणि सुजलेली असेल तोवर ती पूर्ववत होऊ शकते. झिजलेले हाड मात्र आपोआप भरून येत नाही. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत दात दाटीवाटीने असल्याने ही वेळ लवकर येते.

म्हणूनच भूल न देता केलेली दातांची सफाई ही माझ्या मते निव्वळ रंगसफेदी होय. भूल दिल्यावर पशुवैद्य श्वासनलिकेत नळी बसवतात, जेणेकरून पाणी व कीटणाचे कण फुफ्फुसात जाऊ नयेत, आणि मग खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती हिरडीच्या फटीत फिरवतात. कुत्र्यात ती साधारण 3 मिलिमीटरपर्यंत गेली तर चिंता नसते. मांजरात 1 मिलिमीटरच्या पुढे गेली तरी शंका घ्यावी लागते. मुळांची अवस्था एक्स-रेमध्येच कळते.

मांजरांचा एक आजार तर याहून विचित्र आहे. त्यात शरीराच्याच पेशी दात विरघळवू लागतात, आणि हिरडीलगत एखादा गुलाबी ठिपका एवढेच काय ते वरून दिसते. तेथे सळई टेकवताच भुलेतील मांजराचाही जबडा थरथरतो, इतकी ती जागा हुळहुळी असते. तरीही हे प्राणी अनेकदा नेहमीसारखे जेवत राहतात. असा दात भरून टिकत नाही, सहसा काढावाच लागतो.

घरी रोज ब्रश करणे उत्तम, पण टूथपेस्ट प्राण्यांसाठीचीच हवी, कारण माणसांच्या काही पेस्टमधील झायलिटॉल या गोडी आणणाऱ्या पदार्थामुळे कुत्र्याची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरते. कडक हाडे चघळायला देणेही टाळावे. त्यांनी वरच्या जबड्यातील मोठी दाढ तडकते, तिच्या मुळाशी पू होतो आणि सूज येते ती डोळ्याखाली. मग डोळ्याचे दुखणे समजून उपचार होतात, अँटिबायोटिकने सूज तात्पुरती उतरते आणि दाढ काढेपर्यंत किंवा तिचे रूट कॅनाल करेपर्यंत पुन्हा पुन्हा येत राहते.